जाणीव, नेणीव आणि संज्ञा : पर्यायांची विपुलता, व्याख्यांची उणीव

१

मराठी समीक्षेत ‘जाणीव’ या शब्दाइतका राबवला गेलेला दुसरा शब्द क्वचितच सापडेल. नवकवितेने मराठी कवितेच्या जाणिवेच्या कक्षा रुंदावल्या. अमुक कादंबरीत नेणिवेच्या पातळीवरील संघर्ष व्यक्त झाला आहे. तमुक लेखकाच्या ठिकाणी सामाजिक जाणिवेचा अभाव आहे. दलित साहित्य हे दलित जाणिवेचे साहित्य आहे. ही चारही प्रकारची विधाने आपल्या इतक्या परिचयाची आहेत की त्यांतील ‘जाणीव’ एकच आहे की काय, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. पहिल्या विधानात हा शब्द संवेदनशीलतेच्या जवळ जातो. दुसऱ्यात तो मानसशास्त्रातील एका विशिष्ट सिद्धांताचा निर्देश करतो. तिसऱ्यात तो नैतिक गुणवत्तेचा वाचक होतो आणि चौथ्यात इतिहासातील एका समूहाच्या आत्मभानाचा. शब्द एक, संकल्पना चार, आणि या चारांमधून एकीकडून दुसरीकडे केव्हा गेलो याचा पत्ता ना लेखकाला ना वाचकाला, अशी ही स्थिती आहे.

प्रस्तुत लेखात या शब्दाचा आणि त्याच्या परिवारातील काही शब्दांचा, म्हणजे ‘नेणीव’, ‘संज्ञा’, ‘गंड’, ‘अस्मिता’ यांचा, मराठीतील प्रवास तपासण्याचा हेतू आहे. पारिभाषिक शब्द घडवण्याच्या बाबतीत मराठी मागे राहिली, असे म्हणता येणार नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश यांमुळे मानसशास्त्र आणि सामाजिक शास्त्रे यांच्या बहुतेक संज्ञांना मराठी पर्याय मिळाले आहेत. परंतु पर्याय मिळणे आणि व्याख्या मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परिभाषाकोश एका भाषेतील शब्दासमोर दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवतो. त्या शब्दाच्या मागे असलेला वाद, त्याची मर्यादा, त्याने नाकारलेले अर्थ हे त्या रकान्यात येत नाहीत. मराठी समीक्षेने ज्ञानक्षेत्रांतरातून ज्या संज्ञा घेतल्या, त्या बहुशः पर्यायांच्या रूपात घेतल्या. व्याख्या मागे राहिल्या आणि त्यांची रिकामी जागा त्या त्या मराठी शब्दाच्या पूर्वेतिहासाने भरून काढली, असे माझे प्रतिपादन आहे.

हा भेद स्पष्ट करण्यासाठी न्यायदर्शनातील एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडेल. नागर मनुष्याला ‘गवय’ म्हणजे काय हे ठाऊक नाही. अरण्यवासी त्याला सांगतो की गवय गाईसारखा असतो. पुढे तो अरण्यात जातो, गाईसारखा प्राणी प्रत्यक्ष पाहतो, ऐकलेले वाक्य त्याला आठवते आणि ‘हाच गवय’ असे ज्ञान त्याला होते. संज्ञा आणि संज्ञी यांच्या संबंधाचे हे ज्ञान म्हणजे उपमिती. या प्रक्रियेत साम्य सांगणारे वाक्य आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. प्राणी दिसावा लागतो. आपल्या समीक्षेच्या बाबतीत असे घडले की गाईसारखा असतो एवढे ऐकूनच आपण गवयाविषयी बोलू लागलो, आणि बोलताना डोळ्यांसमोर गाय होती.

२

मानसशास्त्राची मराठीला ओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून ‘जाणीव’ आणि ‘नेणीव’ ही जोडी मराठीत वावरत होती. संतवाङ्मयात ती ज्ञान आणि अज्ञान या जोडीच्या निकट आहे. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनाच्या पाठोपाठ ज्ञानखंडनाचे प्रकरण येते आणि या दोहोंच्याही आधी शब्दखंडनाचे. अज्ञानाचा निरास झाला की त्याच्या अपेक्षेने उभे असलेले ज्ञानही उरत नाही, ही तेथील भूमिका आहे. रामदासांच्या ‘दासबोधा’त हीच जोडी त्रिगुणांच्या विवरणात उतरते: जाणीव सत्त्वगुणाकडे, नेणीव तमोगुणाकडे आणि दोहोंचे मिश्रण रजोगुणाकडे. भक्तिपर रचनांत तर मूल्यांची अदलाबदलही होते. जाणिवेचा ताठा हा परमार्थातील अडथळा ठरतो आणि नेणतेपण हा गुण ठरतो.

या परंपरेतील नेणिवेचे एक लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ती अभावरूप आहे. जेथे जाणणे नाही तेथे नेणीव. ज्ञान झाले की ती जाते, किंवा वरच्या भूमिकेवर ज्ञानासह तीही गळून पडते. तिच्यात स्वतःचा असा आशय नाही, आणि कोणी ती जाणूनबुजून राखलेली नाही.

याच क्रियापदाचा दुसरा प्रवाह व्यवहारातला आहे. मराठेशाहीतील पत्रांत ‘जाणिजे’ हे रूप वारंवार भेटते. तेथे जाणणे म्हणजे अधिकाऱ्याने कळवलेली गोष्ट ध्यानी घेणे आणि तीनुसार वागणे. ‘जाणीव देणे’, ‘जाणीव ठेवणे’, ‘उपकारांची जाणीव असणे’ या प्रयोगांत आजही ही छटा आहे. जाणीव म्हणजे नुसते कळणे नव्हे, तर कळल्यामुळे येणारे उत्तरदायित्व. पुढे ‘सामाजिक जाणीव’ हा शब्दप्रयोग मराठीत इतक्या सहजपणे रुजला याचे एक कारण या जुन्या नैतिक छटेत शोधावे लागते.

‘संज्ञा’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. व्याकरणात संज्ञा म्हणजे शास्त्रापुरते ठरवलेले नाव. पाणिनीच्या परंपरेत संज्ञासूत्रांचा स्वतंत्र वर्गच आहे. बौद्ध विचारात रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पंचस्कंधांपैकी ती एक, आणि तेथे तिचा अर्थ ओळखणे, खूण पटणे असा होतो. ज्याला आपण आज शुद्ध किंवा चेतना म्हणू, त्याच्या अधिक जवळचा स्कंध तेथे ‘विज्ञान’ हा आहे. पण आधुनिक मराठीत ‘विज्ञान’ हा शब्द भौतिक शास्त्रांसाठी मुक्रर झाला. ‘संज्ञाहीन’ म्हणजे बेशुद्ध हा प्रयोग मात्र रूढ होता. त्यामुळे ‘संज्ञा’ या एकाच शब्दावर दोन कामे आली: पारिभाषिक नावाचे आणि चेतनेचे. आपण ज्या साधनाने मनाविषयी बोलतो त्याचे नाव आणि खुद्द मनाच्या जागेपणाचे नाव मराठीत एकच असावे, हा निव्वळ योगायोग असला तरी प्रस्तुत विषयाला तो साजेसा आहे.

३

पाश्चात्त्य मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून अलग होऊन स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात. व्हुंटची लाइपझिग येथील प्रयोगशाळा १८७९ ची. विल्यम जेम्सचा मानसशास्त्राच्या तत्त्वांवरील बृहद्ग्रंथ १८९० चा. भारतात कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग १९१६ च्या सुमारास सुरू झाला आणि १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांच्या पुढाकाराने भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली.

जेम्सने मनातील घडामोडींना प्रवाहाची उपमा दिली ती एका विशिष्ट मताच्या खंडनासाठी. मन म्हणजे सुट्या सुट्या संवेदनांची साखळी, हे साहचर्यवाद्यांचे मत त्याला अमान्य होते. जाणिवेला सांधे नसतात, ती वाहती असते, हा त्याचा सिद्धांत. १९१८ मध्ये मे सिंक्लेअरने डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांची चर्चा करताना हीच संज्ञा साहित्यविचारात आणली. तेथून ती एका लेखनतंत्राचे नाव झाली. मराठीत तिला ‘संज्ञाप्रवाह’ हा पर्याय मिळाला आणि मर्ढेकरांच्या १९४२ मधील ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीच्या संदर्भात तो दृढ झाला. म्हणजे मराठीत संज्ञा आली तेव्हा ती दोन मजल उतरून आली होती: सिद्धांतापासून तंत्राकडे आणि इंग्रजीपासून मराठीकडे. जेम्सचा वाद कोणाशी होता हे मागे राहिले. त्यामुळे ‘संज्ञाप्रवाही’ हे विशेषण विरामचिन्हांच्या अभावापासून आठवणींच्या पसाऱ्यापर्यंत कशालाही लागू लागले. नैयायिकांच्या भाषेत ही अतिव्याप्ती होय. शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय, असे लक्षण केल्यास म्हैसही गाय ठरते, तशातली.

फ्रॉइडच्या संज्ञांची गत याहून उद्बोधक आहे. त्याच्या मूळ जर्मन शब्दाला मराठीत ‘अबोध’, ‘अचेतन’, ‘नेणीव’ असे पर्याय मिळाले. शिवाय ‘सुप्त मन’, ‘अंतर्मन’ हे शब्द सैलपणे त्याच अर्थी वापरले गेले. यांतील प्रत्येक शब्द आपापले सामान घेऊन आला. ‘अबोध’ म्हटले की मराठी माणसाला अबोध बालक आठवते. निरागसतेची छटा त्याला चिकटलेली आहे, आणि फ्रॉइडच्या सिद्धांताला तिच्याइतकी विसंगत छटा दुसरी नसेल. ‘अचेतन’ म्हणजे जड, निर्जीव. ‘सुप्त’ म्हणजे निजलेले, जे आज ना उद्या जागे होईल. आणि ‘नेणीव’ म्हणजे वर पाहिल्याप्रमाणे जाणण्याचा अभाव.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. जर्मन शब्दही नकारार्थीच आहे. मग मराठी शब्दाला दोष का द्यावा? हा आक्षेप मान्य करायला हवा. दोष शब्दाचा नाही. फ्रॉइडने आपला नकारार्थी शब्द व्याख्येने बांधून घेतला होता. नेणिवेवरील १९१५ च्या निबंधात आणि पुन्हा १९२३ च्या ग्रंथात त्याने त्या शब्दाचे अर्थ वेगळे केले. वर्णनात्मक अर्थाने या क्षणी जाणिवेत नसलेले सर्वच नेणिवेत असते. काल भेटलेल्या माणसाचे नाव आत्ता मनात नसते, पण सहज आठवते. गतिशील अर्थाने मात्र नेणीव म्हणजे जे दमनामुळे जाणिवेबाहेर ठेवले गेले आहे, जे सतत वर येऊ पाहते आणि ज्याला रोखून धरण्यासाठी अखंड शक्ती खर्च होत असते. ‘अवजाणीव’ अशा धाटणीचा जो शब्द त्या काळी प्रचलित होता, तो संदिग्ध म्हणून फ्रॉइडने नाकारला. नेणीव म्हणजे न कळणे नव्हे, तर न कळू देणे. ही व्याख्या मराठीत शब्दासोबत आली नाही, आणि म्हणून नेणिवेचा जुना, अभावरूप अर्थच नव्या वेषात वावरू लागला.

याचा परिणाम नवकथेच्या समीक्षेत दिसतो. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या पिढीच्या कथेने मनोव्यापारांना कथेचा विषय केले. तिचे समर्थक आणि विरोधक दोघेही ‘नेणीव’ हा शब्द हाताशी घेऊन बोलत राहिले. समर्थकांच्या लेखी नेणीव म्हणजे मनाचा खोल, अस्पष्ट तळ. विरोधकांच्या लेखी नेणीव म्हणजे विकृतीचे आगर. पात्राने कोणती गोष्ट रोखून धरली आहे, तिला रोखणारी शक्ती कोणती, आणि कथेच्या भाषेत ते रोखणे कोठे दिसते, हे जे प्रश्न गतिशील व्याख्येतून उद्भवले असते, ते या वादात अभावानेच उपस्थित झाले. खोली हे मूल्य ठरले आणि संघर्ष अलक्षित राहिला.

फ्रॉइडच्या दुसऱ्या त्रयीचे असेच झाले. जर्मनमध्ये ‘ते’ आणि ‘मी’ हे रोजच्या बोलण्यातले सर्वनामांवरून घेतलेले शब्द आहेत. इंग्रजी अनुवादकांनी त्यांच्या जागी लॅटिन शब्द आणले, आणि त्यामुळे फ्रॉइडच्या लेखनातील घरगुतीपणा हरपला अशी तक्रार ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९८२ मध्ये केली. मराठीने इंग्रजीतील लॅटिनला संस्कृतने उत्तर दिले: इदम्, अहम्, पराहम्. ही व्यवस्था नेटकी आहे. पण ‘अहम्’ला आधीपासून अहंकाराचा शेजार होता. ‘त्याचा अहं दुखावला’ असे आपण म्हणतो तेव्हा वास्तवाशी जुळवून घेणारी मनाची यंत्रणा अभिप्रेत नसते, तर गर्व अभिप्रेत असतो. येथेही पर्यायाने व्याख्येची जागा घेतली आणि पर्यायाच्या पूर्वायुष्याने पर्यायाचा अर्थ ठरवला.

‘गंड’ हा शब्द या प्रवासाचे टोक आहे. युंगने शब्दसाहचर्याच्या प्रयोगांतून मांडलेली मूळ संकल्पना अशी: एखाद्या भावनेभोवती गुंफला गेलेला कल्पनांचा पुंजका. असे पुंजके प्रत्येकाच्या मनात असतात. ते असणे हा आजार नव्हे. मराठीत त्यासाठी ‘गंड’ हा शब्द आला. गंड म्हणजे सूज, गळू. ‘गंडमाळा’ हा रोग सर्वांना ठाऊक आहे. हिंदीने ‘ग्रंथि’ म्हणजे गाठ हा शब्द घेतला, तो मूळ कल्पनेला जवळचा आहे. गुंफण ही रचना दाखवते, गळू व्याधी दाखवते. ‘न्यूनगंड’ आज इतका मराठी झाला आहे की वर्तमानपत्राच्या वाचकाला त्याच्यामागे ॲडलर किंवा युंग आहे याची कल्पनाही नसते. पारिभाषिक संज्ञेचे हे यश मानावे की पराभव? शब्द रुजला, पण रुजताना वर्णनाचा निवाडा झाला. समीक्षक जेव्हा एखाद्या लेखकाच्या न्यूनगंडाचा उल्लेख करतो, तेव्हा तो विश्लेषण करीत नसतो. तो निदान सांगून मोकळा झालेला असतो.

४

सामाजिक शास्त्रांच्या बाजूने ‘जाणीव’ मराठीत आली ती मार्क्सवादी विचारातील वर्गजाणिवेच्या रूपाने. लुकाचचा या विषयावरील ग्रंथ १९२३ चा, म्हणजे फ्रॉइडच्या ‘मी’ आणि ‘ते’ यांवरील ग्रंथाच्याच वर्षीचा. जर्मनमध्ये दोघांचा शब्द एकच आहे, पण लुकाचने आपली संकल्पना मानसशास्त्रीय अर्थापासून कटाक्षाने वेगळी काढली. वर्गजाणीव म्हणजे कामगारांच्या मनात प्रत्यक्षात असलेल्या कल्पनांची बेरीज किंवा सरासरी नव्हे. उत्पादनव्यवस्थेतील आपल्या स्थानाचे पूर्ण आकलन झाल्यास त्या वर्गाची जी जाणीव होईल, ती. ही व्याख्या वादग्रस्त आहे, तिच्यातून पक्षाच्या अधिकारशाहीला वाव मिळतो असा आक्षेप आहेच. पण व्याख्या वादग्रस्त असणे हे तिच्या अस्तित्वाचे लक्षण आहे. तिच्याशी वाद घालता येतो.

मराठीतील ‘सामाजिक जाणीव’ या संज्ञेशी वादच घालता येत नाही. तिच्यात वर्गजाणिवेचा अंश आहे, ‘उपकारांची जाणीव’ या प्रयोगातील नैतिक ऋणाचा अंश आहे आणि बांधिलकीच्या चर्चेतून आलेला सार्त्रचा अंशही आहे. परिणामी कलावादी समीक्षक ज्या ‘सामाजिक जाणिवे’ला विरोध करतो ती उपदेशपरता असते, आणि त्याचा प्रतिपक्षी जिचे समर्थन करतो ती स्थानभानाची मागणी असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि म्हणूनच तो वाद कधी संपला नाही.

‘अस्मिता’ या शब्दाने तर अर्थाचे पूर्ण वर्तुळ उलटे फिरवले. पतंजलीच्या योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे पाच क्लेश आहेत. त्यांतील अस्मिता म्हणजे द्रष्टा आणि दर्शनशक्ती हे दोन भिन्न असता एक भासणे. ही भ्रांती आहे, आणि साधकाने ती क्षीण करायची आहे. विसाव्या शतकात हा शब्द समूहाच्या अभिमानाचा वाचक झाला. गुजरातीत कन्हैयालाल मुनशी यांनी तो प्रादेशिक आत्मभानाशी जोडून लोकप्रिय केला. मराठीत प्रांताची, भाषेची, समाजाची अस्मिता हे प्रयोग रूढ झाले. क्लेशाचे रूपांतर मूल्यात झाले. शब्दांचे अर्थ बदलतात यात गैर काही नाही. परंतु ज्या परंपरेने अस्मितेची काटेकोर व्याख्या केली होती, त्याच परंपरेचा शब्द आपण व्याख्येवाचून वापरू लागलो, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. दुसरीकडे, गंगाधर पानतावणे यांनी आपल्या नियतकालिकाचे नाव ‘अस्मितादर्श’ ठेवले तेव्हा ज्यांना ‘मी’ म्हणण्याचा अधिकारच नाकारला गेला होता त्यांच्यासाठी हा शब्द क्लेश नव्हता, उपलब्धी होती. एकाच संज्ञेची व्याख्या बोलणाऱ्याच्या स्थानानुसार बदलते, हे येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

५

‘दलित जाणीव’ या संज्ञेत वरील सर्व प्रश्न एकवटतात. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि पुढील वर्षी तिचा जाहीरनामा निघाला. जाहीरनाम्यात दलित म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, श्रमिक, भूमिहीन व गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक व धर्माच्या नावाने पिळले जाणारे सर्व, अशी व्याप्ती सांगितली गेली. ही गणनात्मक व्याख्या होती आणि तिच्यामागे आघाडी उभारण्याचा हेतू होता. साहित्यसमीक्षेत ती आणताच अतिव्याप्तीची तक्रार सुरू झाली. उलट, जन्माने दलित असलेल्याचे लेखन ते दलित साहित्य, असे म्हटले की जन्माने दलित पण लेखनात त्याचा मागमूस नसलेला लेखकही त्यात येऊ लागला. या पेचातून वाट काढण्यासाठी ‘दलित जाणीव’ ही संज्ञा पुढे आली: दलित जाणिवेतून लिहिलेले ते दलित साहित्य. मात्र ही जाणीव कोणती असे विचारल्यावर, दलित साहित्यातून प्रकटते ती, असे उत्तर मिळाले तर तो अन्योन्याश्रय दोष होतो. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मधील ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात या जाणिवेचा संबंध आंबेडकरी विचाराशी, गुलामाला गुलामीचे भान आणून देणाऱ्या संघर्षशील मनोवृत्तीशी जोडला, तो या वर्तुळाबाहेर पडण्याचा प्रयत्न होता.

हा प्रयत्न पुढे नेण्याची पद्धत डॉ. आंबेडकरांच्याच एका निबंधात उपलब्ध आहे, आणि तिच्याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला आणि १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झालेला जातिसंस्थेवरील तो निबंध म्हणजे सामाजिक शास्त्रातील व्याख्याविचाराचा वस्तुपाठ आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्री. व्यं. केतकर या चौघांच्या व्याख्या ते पुढे ठेवतात आणि एकेक तपासतात. सेनारने विटाळाची कल्पना लक्षणात घातली, ती जातीचे आवश्यक लक्षण नव्हे. नेसफील्डने सहभोजनाच्या अभावाला लक्षण मानले. तो परिणाम आहे, कारण नव्हे. रिस्लेच्या व्याख्येत नवे असे काही नाही. केतकरांच्या व्याख्येला ते अधिक मान देतात, कारण त्यांनी जात व्यवस्थेच्या संदर्भात पाहिली. पण सभासदत्व जन्माने मिळणे आणि गटाबाहेर विवाहाला बंदी असणे ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे दाखवून ते गटांतर्गत विवाह या एका लक्षणावर स्थिरावतात. बहुतेकांची मूळ चूक कोणती? जातीला सुटा घटक मानून तिची व्याख्या करणे. निबंधाच्या शेवटी ते म्हणतात त्याचा आशय असा की एकवचनी जात अशी काही नसतेच. असतात त्या नेहमी जाती.

या विवेचनातून व्याख्येच्या तीन कसोट्या हाती येतात. लक्षण आणि परिणाम यांची गल्लत नसावी. दोन म्हणून सांगितलेली लक्षणे खरोखर दोन आहेत का हे पाहावे. आणि संबंधात अस्तित्वात असलेल्या वस्तूची व्याख्या सुटी करू नये. ‘दलित जाणिवे’ला या कसोट्या लावल्या तर काय दिसते? विद्रोह, वेदना आणि नकार ही तिची लक्षणे म्हणून सांगितली जातात. हे बहुतांशी परिणाम आहेत. ज्या स्थानभानातून ते उद्भवतात ते भान हे लक्षण. वेदना आणि नकार यांना दोन स्वतंत्र लक्षणे मानण्याऐवजी एकाच भानाच्या दोन बाजू मानणे अधिक युक्त. आणि तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. जात जर एकवचनी नसते, तर जातीचे भानही एकट्या दलिताचे असू शकत नाही. दलित जाणिवेची व्याख्या तिच्या समोरच्या बाजूविना पूर्ण होत नाही. ही समोरची बाजू कोणती? तिला आपण ‘सवर्ण जाणीव’ म्हणत नाही. तिला नावच नाही. ‘मराठी मध्यमवर्गीय संवेदनशीलता’, ‘निखळ कलादृष्टी’ अशा जातिनिरपेक्ष नावांनी ती वावरते. आम्ही जात पाहत नाही, केवळ साहित्यगुण पाहतो, असे ती म्हणते.

येथे मानसशास्त्रातून आलेली आणि समाजशास्त्रातून आलेली अशा दोन्ही संज्ञांची गाठ पडते. हे ‘न पाहणे’ जुन्या अर्थाची नेणीव आहे काय? म्हणजे माहितीचा अभाव आहे काय? तसे असते तर माहिती मिळताच ते नाहीसे झाले असते. परंतु आत्मकथने आली, कविता आल्या, संमेलने झाली, तरी ते टिकून राहिले. आणि टिकण्यासाठी त्याला आक्रस्ताळेपणा, असंस्कृत भाषा, एकसुरीपणा अशा आक्षेपांचे बळ सतत खर्ची घालावे लागले. जे टिकवण्यासाठी शक्ती खर्चावी लागते, ते न कळणे नसून न कळू देणे असते. फ्रॉइडच्या गतिशील नेणिवेची व्याख्या मराठी समीक्षेत शब्दासोबत आली असती, तर ती केवळ कथेतील पात्रांना लावून न थांबता समीक्षेच्या स्वतःच्या व्यवहारालाही लावता आली असती. अर्थात व्यक्तीच्या मनातील दमन आणि समूहाचे न पाहणे यांत फरक आहे. समूहाला एक मन नसते. तेथे रोखण्याचे काम विवाहाचे नियम, अभ्यासक्रम, संपादकीय निवड अशा संस्था करतात. म्हणून ही संज्ञा सामाजिक क्षेत्रात नेताना तिची व्याख्या नव्याने करावी लागेल, तशीच्या तशी उचलता येणार नाही. पण नव्याने व्याख्या करण्यासाठी जुनी व्याख्या आधी ठाऊक असावी लागते.

६

पारिभाषिक संज्ञा शुद्ध असाव्यात, परभाषेतून याव्यात की संस्कृतातून, बोलीतून याव्यात की कोशातून, यावर मराठीत भरपूर वाद झाले आहेत. त्या वादांचे महत्त्व कमी नाही. पण ते पर्यायांचे वाद आहेत. ‘नेणीव’ हा शब्द सोडून ‘अबोध’ घेतल्याने किंवा रोमन शब्दाचे देवनागरी रूप वापरल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. मराठी शब्दांना इतिहास आहे ही त्यांची उणीव नव्हे. ‘जाणीव’ या शब्दातील उत्तरदायित्वाची छटा इंग्रजी पर्यायात नाही, आणि ती छटा व्याख्येत जाणीवपूर्वक घेतली तर मराठी समीक्षेला स्वतःची अशी एक संकल्पना मिळू शकेल. मात्र ती छटा नकळत अर्थ ठरवू लागली की समीक्षक शब्दाला वापरत नाही, शब्द समीक्षकाला वापरतो.

म्हणून मागणी माफक आहे. ज्या लेखात एखाद्या संज्ञेवर युक्तिवाद उभा आहे, त्या लेखात ती कोणत्या अर्थाने घेतली आहे, कोणता अर्थ वगळला आहे आणि तिचे लक्षण कोठे थांबते, हे एका वाक्यात तरी सांगितले जावे. असे वाक्य लिहिताना आपले प्रतिपादन अडखळते असा अनुभव आला, तर तो व्याख्येचा दोष समजू नये. गवय आता कोठे दिसू लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ.